आरोग्य प्रश्नोत्तरे : थायरॉईड मंदावल्यावर कोलेस्टेरॉलचा अहवाल कसा वाचावा?

थायरॉईडविषयीची बरीच पत्रे साचली आहेत आणि त्यांतली बहुतेक एकाच मुद्द्याभोवती फिरतात. थायरॉईडचे काम मंदावल्याचे निदान झाले, त्याच सुमारास कोलेस्टेरॉलही वाढलेले निघाले, तर आता हृदयाला धोका किती आणि औषध नेमके कशावर घ्यायचे, असा तो प्रश्न आहे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत. कोलेस्टेरॉलचे आकडे आपल्याकडच्या प्रयोगशाळा देतात त्याप्रमाणे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. अहवालातले एलडीएल म्हणजे धमन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे ‘चांगले’ आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी. फ्री टी-४ हे थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक, तर टीएसएच हे थायरॉईडला कामाला लावणारे मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक; थायरॉईड मंदावले की ते वाढते.

प्रश्न : माझे वय ४६ असून मी सांगलीला एका सहकारी बँकेत नोकरी करते. बँकेने करवून घेतलेल्या तपासणीत माझे एकूण कोलेस्टेरॉल २८६, एलडीएल १९८, ट्रायग्लिसराइड १९० आणि एचडीएल ५० निघाले. वर्षभर थकवा, बद्धकोष्ठ आणि चेहऱ्यावर सूज असा त्रास होताच, म्हणून आमच्या डॉक्टरांनी थायरॉईडही तपासायला सांगितले. टीएसएच ४२ आले आणि फ्री टी-४ कमी आहे. त्यांनी थायरॉक्सिनची गोळी सुरू केली आणि कोलेस्टेरॉलचे नंतर बघू, असे म्हणाले. माझे दीर मात्र म्हणतात की एलडीएल १९८ असताना गोळी न घेणे म्हणजे हार्ट अटॅकला आमंत्रण देणे. मला मधुमेह किंवा रक्तदाब नाही, माहेरी कुणाला हृदयविकारही नाही. कुणाचे ऐकावे?

उत्तर : तुमच्या डॉक्टरांचे. दिरांची काळजी अस्थानी नाही, पण १९८ हा आकडा आज तुमचा स्वतःचा आहे की थायरॉईडने चढवलेला आहे, हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि ते कळल्याशिवाय आयुष्यभराचे औषध सुरू करण्याची तुमच्या बाबतीत घाई नाही.

रक्तातले एलडीएल मुख्यतः यकृत काढून घेते. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएलला धरून आत ओढणारे रिसेप्टर असतात; त्यांच्या शोधाबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे रिसेप्टर किती तयार व्हावेत यावर थायरॉईडच्या टी-३ या संप्रेरकाचा थेट अंमल असतो. टी-३ कमी पडले की रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तात नेहमीपेक्षा जास्त काळ फिरत राहते. त्यातच कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करण्याचे यकृताचे कामही मंदावते, म्हणजे बाहेर पडण्याचा दुसरा मार्गही अरुंद होतो. गंमत अशी की या स्थितीत शरीर नवे कोलेस्टेरॉल जास्त बनवत नसते, उलट थोडे कमीच बनवते. तरी निचरा त्याहून अधिक मंदावल्यामुळे रक्तातला साठा वाढतो. म्हणूनच तेलतूप पूर्ण सोडूनही थायरॉईडच्या अनेक रुग्णांचा अहवाल फारसा हलत नाही आणि घरच्यांकडून विनाकारण बोलणी खावी लागतात. ट्रायग्लिसराइडचेही असेच आहे. रक्तातली चरबी फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर मंदावले की ट्रायग्लिसराइड वाढतात. एचडीएल मात्र बहुधा घटत नाही, कधीकधी थोडे वाढलेलेच दिसते, आणि त्यामुळे काही अहवालांत छापलेले एकूण कोलेस्टेरॉल व एचडीएल यांचे गुणोत्तर मूळ परिस्थितीपेक्षा बरे भासते. त्या गुणोत्तरावर विसंबू नका.

हा संबंध नवा नाही. टीएसएच मोजण्याची सोय नव्हती त्या काळात, १९३० च्या आसपासपासून, रक्तातले वाढलेले कोलेस्टेरॉल हीच थायरॉईड मंद असल्याची एक खूण मानली जात असे आणि उपचार लागू पडतो आहे की नाही, हेही त्याच्या उतरण्यावरून ताडत असत. आज आपण नेमके उलटे विसरतो, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की गोळी लिहिली जाते आणि थायरॉईड तपासायचे राहून जाते. वास्तविक एलडीएल पहिल्यांदाच जास्त आढळले तर औषधाआधी टीएसएच बघावे, ही शिफारस जुनी आणि सर्वमान्य आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती पाळली.

आता धोक्याविषयी. थायरॉईडची उघड कमतरता वर्षानुवर्षे उपचाराविना राहिली तर हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर साचण्याचा वेग वाढतो. त्याला एकटे एलडीएल कारणीभूत नसते. खालचा रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या ताठर होतात, हृदयाचे आकुंचन आणि शिथिलीकरण दोन्ही सुस्तावतात. पण हे थर साचायला दशके लागतात. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आधीचा हृदयविकार नाही, अशा तुमच्या वयाच्या स्त्रीने थायरॉईड ताळ्यावर येईपर्यंत काही महिने थांबल्याने मोजण्याजोगे नुकसान होत नाही. उलट, थायरॉईड फार कमी असताना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी, घेतले तर स्नायू दुखणे, क्वचित स्नायूंना इजा होणे, ही शक्यता वाढते. थांबण्याचे हे दुसरे आणि तितकेच ठोस कारण आहे.

वेळापत्रक साधारण असे असते. गोळीचा डोस ठरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करतात, कारण थायरॉक्सिनचा रक्तातला अर्धायुकाल (प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ) सुमारे सात दिवसांचा असल्याने त्याआधी केलेल्या तपासणीवरून काहीच ठरवता येत नाही. गरजेनुसार डोस वाढवतात. टीएसएच मर्यादेत येऊन काही आठवडे तिथे टिकले, की मग लिपिड प्रोफाइल पुन्हा करायचे. टीएसएच ४२ सारखे जास्त असेल तर एलडीएलमध्ये ठळक घट दिसण्याची चांगली शक्यता असते. जे उरेल ते तुमचे खरे एलडीएल. ते १३० च्या आसपास आले तर आहार आणि चालणे यांवर भागेल. १६० च्या वर राहिले तर इतर जोखमींसह विचार करावा लागेल. आणि थायरॉईड पूर्ण दुरुस्त होऊनही ते १९० च्या वरच राहिले तर मात्र आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीची शंका घेऊन स्टॅटिन सुरू करणे आणि भावंडांची, मुलांची तपासणी करणे योग्य ठरेल. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तुमचे वय पाळी जाण्याच्या आसपासचे आहे आणि त्या काळात एलडीएल आपसूकही काहीसे वाढते, तेव्हा सगळा हिशेब थायरॉईडच्या नावावर घालू नये.

प्रश्न : वय ३८, राहणार ठाणे, आयटीमध्ये रात्रपाळी. टीएसएच ६.८, फ्री टी-४ नॉर्मल. एकूण कोलेस्टेरॉल २१९, एलडीएल १४८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १६५. वडिलांना ५२ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. डॉक्टर म्हणतात की थायरॉईडच्या गोळीची गरज नाही. पण कोलेस्टेरॉल थायरॉईडमुळेच वाढले असेल तर गोळी घेतल्याने दोन्ही प्रश्न सुटणार नाहीत का?

उत्तर : सुटणार नाहीत, आणि तुमच्या पत्रात मला काळजीचा वाटतो तो आकडा ६.८ नाही.

फ्री टी-४ प्राकृत आणि टीएसएच किंचित जास्त, या स्थितीला सबक्लिनिकल म्हणजे अप्रकट कमतरता म्हणतात. थायरॉईडची कमतरता आपल्याकडे विरळ नाही. मुंबई आणि गोवा यांसह देशातल्या आठ ठिकाणी प्रौढांची तपासणी करून २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळजवळ ११ टक्के लोकांमध्ये ती आढळली होती. प्रश्न आहे तो सौम्य वाढीने हृदयाला किती फरक पडतो याचा. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम इथे ५५ वर्षांवरील स्त्रियांच्या अभ्यासात, २००० साली, अप्रकट कमतरता आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध दिसला आणि बरीच खळबळ उडाली. पुढे २०१० साली अकरा अभ्यासांतल्या ५५,२८७ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा चित्र अधिक स्पष्ट झाले. टीएसएच ४.५ ते ६.९ असलेल्यांमध्ये हृदयधमनीविकाराचा धोका वाढलेला नव्हता. ७ ते ९.९ मध्ये वाढ किरकोळ आणि निर्विवाद म्हणता येणार नाही अशी होती. १० च्या पुढे मात्र तो सुमारे १.९ पट होता. तुम्ही यांतल्या पहिल्या गटात आहात.

शिवाय अशा सौम्य वाढीत गोळी दिली तरी एलडीएल सरासरी दहाएक मिलीग्रॅमने उतरते, असे जुन्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात. म्हणजे १४८ चे १३८ होतील, एवढेच. वडिलांचा ५२ व्या वर्षीचा झटका, ३८ वर आलेले एचडीएल आणि रात्रपाळीतले खाणेपिणे तिथेच राहील. जवळच्या पुरुष नातेवाइकाला पंचावन्नच्या आत हृदयविकार होणे ही स्वतंत्र जोखीम मानली जाते आणि ती कुठल्याही गोळीने पुसली जात नाही.

तेव्हा दोन वेगळी कामे करा. टीएसएच दोन-तीन महिन्यांनी थायरॉईडविरोधी प्रतिपिंडांच्या, म्हणजे अँटी-टीपीओच्या, तपासणीसह पुन्हा करा. अनेकांचे टीएसएच दुसऱ्या खेपेला आपोआप मर्यादेत आलेले असते. प्रतिपिंडे सापडली तर दरवर्षी नजर ठेवा. दुसरीकडे, कोलेस्टेरॉलचा विचार थायरॉईड बाजूला ठेवून करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की नॉन-एचडीएल मिळते; तुमचे ते १८१ आहे, आणि जोखीम जोखायला ते एकट्या एलडीएलपेक्षा जास्त बोलके आहे, कारण धमनीत शिरू शकणारे सगळे कण त्यात मोजले जातात. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, पण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरणारा कण) ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्या. कमी वयात हृदयविकार झालेल्यांच्या घरांत ते पुष्कळदा वाढलेले सापडते. ते ५० मिलीग्रॅमच्या वर निघाले तर स्टॅटिनचा निर्णय अडतिसाव्या वर्षीही लवकर घ्यावा, असे माझे मत आहे. तुम्ही धूम्रपान करता की नाही, हे लिहिलेले नाही. करत असाल तर वर सांगितलेले सगळे त्यानंतर येते.

प्रश्न : मी मडगावहून लिहीत आहे. माझ्या आईचे वय ७२ असून तीन वर्षांपूर्वी तिची अँजिओप्लास्टी झाली आहे. ती ॲटोर्व्हास्टॅटिन ४० घेत होती. दोन महिन्यांपासून तिच्या मांड्या दुखतात, जिना चढता येत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच हे होते असे शेजारच्यांनी सांगितल्यामुळे तिने पंधरा दिवसांपूर्वी ती स्वतःहून बंद केली. आता तपासणीत टीएसएच १८, फ्री टी-४ कमी, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) थोडे वाढलेले आणि एलडीएल १३२ आहे. आता काय करावे?

उत्तर : हा अंक हातात पडेल त्या दिवशीच त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने स्टॅटिन परस्पर बंद करणे धोक्याचे असते. आधीच्या प्रश्नांत मी थांबायला सांगितले, ते धमनीविकार झालेला नसलेल्यांसाठी होते. तुमच्या आईंच्या बाबतीत एलडीएल १३२ फार जास्त आहे. अशा रुग्णांत ते ५०-५५ च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते.

स्नायूंच्या दुखण्याला बहुधा दोन कारणे एकदम लागू आहेत. थायरॉईडची कमतरता एकटीही मांड्या-खांद्यांचे स्नायू दुखवते आणि सीपीके वाढवते. त्यावर स्टॅटिनची भर पडली की त्रास उघड होतो. सीपीके प्राकृत मर्यादेच्या दहा पटींहून जास्त असेल किंवा लघवी चहासारखी गडद होत असेल तर स्टॅटिन थांबवून तातडीने दाखवावे लागते. थोडेच वाढले असेल तर डॉक्टर कमी डोस, दुसरे स्टॅटिन किंवा जोडीला एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारे वेगळ्या जातीचे औषध) असा मार्ग काढतात, आणि थायरॉईड सुधारल्यावर तेच स्टॅटिन पुष्कळांना पुन्हा सोसते.

थायरॉक्सिनची त्यांना गरज आहे. मात्र सुरुवात १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने करून डोस दर चार ते सहा आठवड्यांनी पायरीपायरीने वाढवायचा असतो, कारण गोळीने हृदयाची गती आणि प्राणवायूची गरज वाढते आणि अरुंद धमन्या असलेल्यांना छातीत दुखू शकते. तसे दुखले, धडधड झाली, तर पुढचा डोस वाढवू नका आणि कळवा. वारफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर तेही सांगा, कारण थायरॉईड सुधारू लागले की त्याचा परिणाम वाढतो. टीएसएच अगदी एक-दोनवर आणण्याचा आग्रहही नको. सत्तरी ओलांडलेल्यांत ४ ते ६ चालते. गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि हाडे ठिसूळ होणे असे वेगळेच प्रश्न उभे राहतात. तुमच्या वाचनात कदाचित असे आले असेल की म्हाताऱ्यांना थायरॉईडची गोळी देऊन उपयोग नाही. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत गोळीने त्रास कमी झाला नाही, हे खरे आहे, पण ते सर्व अप्रकट कमतरतेचे रुग्ण होते. तुमच्या आईंचे फ्री टी-४ कमी आहे, त्यामुळे तो निष्कर्ष त्यांना लागू होत नाही.

प्रश्न : नाशिकला शिक्षिका आहे, वय ५२. सात वर्षे ७५ मायक्रोग्रॅमची गोळी नियमित घेते, तरी टीएसएच १४ आणि कोलेस्टेरॉल २४४. सकाळी साडेपाचला चहाबरोबर थायरॉईडची, लोहाची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या घेते, म्हणजे शाळेच्या घाईत विसर पडत नाही. डोस वाढवावा का?

उत्तर : आधी गोळ्यांची फारकत करा. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, चहाही ते नीट शोषू देत नाही. तुम्ही ७५ गिळता, पण शरीराला मिळते ते बरेच कमी. थायरॉक्सिन उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा निदान अर्ध्या तासाने, जमल्यास तासाने घ्या. कॅल्शियम आणि लोह चार तासांनंतर, म्हणजे मधल्या सुट्टीत किंवा रात्री. सकाळी हे जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतलेली गोळीही चालते. ॲसिडिटीची गोळी रोजची असेल तर डॉक्टरांना सांगा. बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर राहत असेल तर ती तिथून हलवा, कारण उष्णता आणि दमटपणा यांनी गोळी निकामी होत जाते. दोन महिन्यांनी टीएसएच करा. कोलेस्टेरॉलची चर्चा त्यानंतर करू.

प्रश्न : पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या ‘हार्ट पॅकेज’मध्ये अपो-बी, लायपोप्रोटीन-ए, होमोसिस्टीन, एचएस-सीआरपी अशा तपासण्या आहेत. थायरॉईडच्या रुग्णांनी त्या कराव्यात का?

उत्तर : सगळ्या नकोत. ट्रायग्लिसराइड जास्त असतील तर अपो-बी (एलडीएलसारख्या कणांवरचे प्रथिन) उपयोगी आहे, कारण तेव्हा हिशेबाने काढलेले एलडीएल फसवू शकते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढण्याची नेहमीची रीत ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेल्यावर चालतच नाही. लायपोप्रोटीन-ए एकदा पुरे, पण थायरॉईड ताळ्यावर आल्यावर करा, कारण कमतरतेत ते वाढलेले दिसू शकते. होमोसिस्टीनही थायरॉईड मंद असताना वाढते आणि उपचाराने उतरते. ते जीवनसत्त्वांनी उतरवून हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बंद ठेवा. तपासणीच्या बऱ्याच पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी-४ खोटे जास्त येते.

प्रश्न : पत्नीचे कोलेस्टेरॉल थायरॉईडच्या गोळीने चांगलेच उतरले. माझे २३० आहे, थायरॉईड नॉर्मल आहे. मीही तीच गोळी थोडी घेतली तर? (लातूर)

उत्तर : मुळीच नको. हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या मोठ्या चाचणीत, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉक्सिनचेच एक रूप, दिले गेले. कोलेस्टेरॉल उतरले, पण त्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले आणि औषधाचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. संप्रेरक यकृताप्रमाणे हृदयावरही काम करते, हे त्यामागचे कारण. थायरॉईड-संप्रेरकाच्या यकृतातल्या रिसेप्टरवरच मुख्यतः काम करील असे औषध शोधण्याचे प्रयत्न पुढे चालू राहिले आणि रेसमेटिरॉम या त्या जातीच्या औषधाला अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली, पण ती चरबीमुळे सुजून तंतुमय होऊ लागलेल्या यकृतासाठी. त्याने एलडीएलही उतरते, तरी कोलेस्टेरॉलचे औषध म्हणून ते दिले जात नाही. तुमच्या २३० साठी आधी पूर्ण लिपिड प्रोफाइल करून घ्या. एकट्या एकूण आकड्यावरून मलाही काही सांगता येणार नाही.

प्रश्न : आम्ही टोरांटोला असतो. इथल्या अहवालात माझे एलडीएल ४.१ आणि ट्रायग्लिसराइड २.० आहे. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचे आहे, ते आपल्याकडच्या हिशेबात किती?

उत्तर : कॅनडात हे आकडे मिलिमोल प्रति लिटरमध्ये असतात. कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एचडीएल यांना ३८.६७ ने गुणावे, ट्रायग्लिसराइडला ८८.५७ ने. तुमचे एलडीएल १५९ आणि ट्रायग्लिसराइड १७७ होतात. टीएसएचचा आकडा दोन्हीकडे सारखाच राहतो. फ्री टी-४ पिकोमोलमध्ये दिले असेल तर १२.८७ ने भागावे. पुण्याला अहवाल पाठवताना ज्या दिवशी लिपिड तपासले त्याच दिवसाचे टीएसएचही सोबत पाठवा.